दिवाळी अंकातील डायनासोरविषयक लेखासाठी शोधनिबंध आणि चित्रे कोठे मिळतील?

मुठाकाठ :
नमस्कार. पुण्यातील एका दिवाळी अंकासाठी मी चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या डायनासोरवर लेख लिहीत आहे. वृत्तपत्रांतील कात्रणांवर विसंबण्याऐवजी मूळ शोधनिबंध वाचण्याची इच्छा आहे. परंतु बहुतेक ठिकाणी सारांशापुढे जाण्यासाठी पैसे मागितले जातात आणि मी कोणत्याही संस्थेशी संलग्न नाही. शिवाय अंक विक्रीचा असल्याने संपादकांना चित्रांच्या हक्कांची लेखी खात्री हवी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

काळा_पाषाण :
प्रथम नावाचा घोळ लक्षात घ्यावा. या प्राण्याचे १९९७ मध्ये झालेले नामकरण ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय’ असे होते. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्याला ‘आयसिसॉरस’ या नव्या प्रजातीत हलवले. त्यामुळे एकाच नावाने शोध घेतल्यास निम्मे साहित्य हाती लागत नाही. गूगल स्कॉलरवर निबंधाखालील ‘सर्व आवृत्त्या’ हा दुवा उघडून पाहावा, कारण लेखकाने विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली विनामूल्य प्रत अनेकदा तेथेच सापडते. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचे साधन हेच काम आपोआप करते. तरीही न मिळाल्यास सारांशाजवळ दिलेल्या पत्त्यावर लेखकाला नम्र ईमेल पाठवावा. संशोधक सहसा आनंदाने प्रत पाठवतात, आपले लेखन कोणी वाचते आहे याचेच त्यांना अप्रूप असते.

ग्रंथपाल_निवृत्त :
‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिके वाचायला उपलब्ध करून देणारी केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सरकारी शिक्षणसंस्थांसाठी सुरू झाली आहे. आपल्याला ती थेट लागू होत नाही. पण विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बाहेरच्या वाचकांसाठी काय सोय आहे, याची चौकशी अवश्य करावी.

शंख_शिंपले :
चित्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गफलत होते ती येथेच. निबंध विनामूल्य वाचता येतो म्हणजे त्यातील आकृती छापता येते, असे नाही. ‘प्लॉस’ या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतील निबंध सीसी बाय या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात, म्हणजे श्रेय देऊन विक्रीच्या अंकातही आकृती वापरता येते. गुजरातमधील धोली डुंगरी येथील डायनासोरच्या घरट्यातील ‘सनाजेह’ या सापाचा २०१० चा निबंध त्यांपैकीच आहे. मात्र एखादी आकृती अन्य कोणाच्या परवानगीने घेतलेली असल्यास तसे तिच्या मथळ्यात नमूद असते, म्हणून मथळा शेवटपर्यंत वाचावा. परवान्यात ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक वापरास मनाई) ही अक्षरे दिसली, तर ते चित्र आपल्या अंकासाठी बाद समजावे. फायलोपिक या संकेतस्थळावरील प्राण्यांच्या छायाकृतींचे परवानेही एकसारखे नसतात, प्रत्येक आकृतीचा वेगळा तपासावा लागतो. स्मिथसोनियनच्या मुक्त संग्रहातील सीसी झीरो छायाचित्रांना अशी कोणतीच अट नाही.

मुठाकाठ :
मनःपूर्वक आभार. चार्ल्स नाइट किंवा झ्देनेक बुरियान यांची जुनी चित्रे चालतील का?

शंख_शिंपले :
भारतात चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. नाइट १९५३ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे येथे मुक्त आहेत. बुरियान यांचे निधन १९८१ चे, म्हणून २०४१ संपेपर्यंत थांबावे लागेल.

काळा_पाषाण :
हक्काचा प्रश्न सुटला तरी नाइट यांचे दलदलीत उभे असलेले ब्रॉन्टोसॉरस आज शास्त्रीयदृष्ट्या कालबाह्य आहेत, तेव्हा चित्राखाली वर्ष छापावे. विकिमीडिया कॉमन्सवर सदोष पुनर्रचनांसाठी वेगळा वर्ग केलेला आहे, तोही पाहून घ्यावा. आणि डोंगरगावच्या सांगाड्यात कवटी नव्हती. आयसिसॉरसचे कोणतेही चित्र निवडले तरी त्याचा चेहरा अनुमानाने काढलेला आहे, एवढे वाक्य मथळ्यात असू द्यावे.