मदत हवी आहे: टर्बो पेट्रोलची छोटी एसयूव्ही, कुंभार्ली घाट आणि सासूबाईंचे गुडघे

गुहागरकरीण

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे, पण टेस्ट ड्राइव्ह घेऊन डोकं आणखी फिरलंय, म्हणून हा धागा.

घरात सध्या 2014 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्यात धायरी ते कोथरूड रोजचं जाणं-येणं माझं, लांबच्या प्रवासाला नवरा चालवतो. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई (सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे दुखतात), नऊ वर्षांची लेक आणि तीन वर्षांचे चिरंजीव, शिवाय त्यांची चाइल्ड सीट. गाव गुहागर तालुक्यात. गणपती, मे महिना आणि मध्येच एखादं लग्नकार्य. रस्ता सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली उतरून चिपळूण. जाताना उतार, त्यामुळे प्रश्न नसतो. येताना मात्र डिकीत तांदूळ, नारळ आणि सासूबाईंनी "एवढंसंच आहे गं" म्हणून चढवलेल्या पिशव्या. चिपळूण सोडून घाट लागला की एसी बंद, काही वळणांवर थेट पहिला गिअर, आणि मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतोय.

म्हणून टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असलेली गाडी. बजेट ऑन रोड तेरा लाखांपर्यंत, चार मीटरच्या आतली गाडी (आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा खांब हाच निर्णायक घटक आहे). नवऱ्याला मॅन्युअल हवी, मला ऑटोमॅटिक.

गाड्यांची नावं मुद्दाम देत नाही. दिली की धागा ब्रँडच्या भांडणात जातो, हे इथे अनेकदा पाहिलंय.

पहिली मॅन्युअल. सातारा रोडवरच्या शोरूमपासून सरळ सपाट रस्ता, यू टर्न, परत. नवरा खूश. अडीच हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर गाडी अशी काही सुटते की तो हसायलाच लागला. मी चालवली तेव्हा वेगळंच. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये हळू उतरले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम उसळी. सासूबाईंचा हात थेट वरच्या हँडलला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, सवय होते."

दुसरी ऑटोमॅटिक. शहरात फार सुखाची. पण सासूबाईंचा अभिप्राय: "गाडी छान आहे, पण मला बाहेर आकाशच दिसतंय." मागच्या काचेची रेषा वर चढत जाते ना, तिथे त्या बसल्या होत्या.

तर प्रश्न असे. टर्बो खरंच घाटासाठी उपयोगी की नुसतं सपाटीवरचं कौतुक? तो खालचा मठ्ठपणा चढावर, भरलेल्या गाडीत जास्त त्रास देईल का? पंधरा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळणार कसं? आणि मागे चाइल्ड सीट, लेक आणि सासूबाई नीट मावतात का, हे कोणी प्रत्यक्ष बघितलंय का?

मायलेजबद्दल कृपया लगेच सुरू होऊ नका, ती चौकशी नवऱ्याने एक्सेलमध्ये केली आहे.

---

घाटमाथा

ताई, तुमच्या दोन्ही निरीक्षणांत तथ्य आहे, नवऱ्याच्याही आणि तुमच्याही.

टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर. इंजिन हळू फिरत असेल तर तो जोरच कमी, म्हणून टर्बो झोपलेला. दीड-पावणेदोन हजार आरपीएमच्या खाली तुम्ही चालवता ते केवळ एक ते 1.2 लिटरचं, तीन सिलिंडरचं छोटं इंजिन. तुमच्या जुन्या 1.2 पेक्षाही ते तिथे मवाळ वाटू शकतं. वर गेलात की चित्र पालटतं. साध्या 1.2 पेट्रोलचा टॉर्क (म्हणजे इंजिनाची ओढ, एनएममध्ये मोजतात) 110-115 एनएम, तोही 4200 आरपीएमच्या आसपास. आता टर्बोवाल्या छोट्या एसयूव्ही बघा: स्कोडा कायलाकचा 178 एनएम 1750 पासून, टाटा नेक्सॉनचा 170 एनएम 1750 पासून, ह्युंदाई व्हेन्यूच्या टर्बोचा 172 एनएम 1500 पासून, महिंद्रा थ्रीएक्सओच्या थेट इंजेक्शनवाल्या इंजिनाचा 230 एनएम 1500 पासून. मारुती फ्राँक्सचा टर्बो 148 च्या आसपास, 2000 पासून. एसी चालू ठेवून कुंभार्ली चढायला हा फरक पुष्कळ झाला.

अडचण फक्त तीव्र वळणांवर येते. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं, समोरून एसटी आली, वेग कमी केला, आरपीएम बाराशेवर आला, की तुमचा तो स्पीडब्रेकरचा अनुभव पुन्हा, फक्त चढावर आणि पाच माणसं घेऊन. उपाय सोपा: वळणाच्या आधीच पहिला टाकायचा, संकोच न करता. मॅन्युअलमध्ये हे चालवणाऱ्यावर अवलंबून. चांगल्या ऑटोमॅटिकमध्ये बरंचसं गाडीच करते, आणि नाही केलं तर मॅन्युअल मोडमध्ये तुम्ही करायचं.

टेस्ट ड्राइव्हला सांगायचं, जुना कात्रज घाट. सातारा रोडच्या शोरूमपासून लांब नाही. पाचही जण बसा, एसी पूर्ण, आणि डिकीत घरून बॅगा न्या. गाडीचं स्वतःचं वजन बाराशे किलोच्या आसपास, तुमची माणसं आणि पिशव्या धरून आणखी सव्वातीनशे. रिकाम्या गाडीत सेल्समनशेजारी बसून घेतलेली टेस्ट ड्राइव्ह तुमच्या प्रवासाबद्दल काहीही सांगत नाही.

---

शंकेखोर_अण्णा

एवढ्याशा इंजिनाला पंप लावून मोठं केलंय, किती वर्षं टिकणार? आमच्या काळी मोठं इंजिन, कमी ताण. मारुतीची ब्रेझा घ्या. 1462 सीसी, टर्बो नाही, डोक्याला ताप नाही.

---

ऑइलफिल्टर

अण्णा, ब्रेझा चांगलीच आहे, पण इतरांनी छोटं इंजिन घेतलं ते हौसेने नाही. 2006 च्या अर्थसंकल्पापासून लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. त्यात बसलात तर कर कमी. 22 सप्टेंबर 2025 पासून त्या गटाला जीएसटी 18 टक्के, आणि 1200 च्या वरच्या पेट्रोलला 40. म्हणजे ताकद हवी आणि कर नको, तर टर्बोशिवाय कंपन्यांपुढे दुसरा सरळ रस्ता नव्हता.

टिकण्याबद्दल. टर्बोचे बेअरिंग इंजिन ऑइलवरच जगतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल, आणि बदल किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल त्याला. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी भरतात, इंजिन मात्र तासन्‌तास चालू असतं, त्यामुळे वर्षाचा नियम पाळा. घाट चढून कोयनानगरला चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू द्या. थंड इंजिन सकाळी सुरू केल्या केल्या पिळू नका. एवढंच पथ्य.

ताई, ऑटोमॅटिक म्हणजे नक्की कोणती, हे मात्र विचारून घ्या. सेल्समन सगळ्यांना ऑटोमॅटिकच म्हणतो. कायलाक, थ्रीएक्सओ, फ्राँक्स टर्बो यांत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा. व्हेन्यू आणि कियाच्या सोनेटच्या टर्बोत सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा, तेही कोरडे. नेक्सॉनमध्ये डीसीए म्हणतात तो तसाच, पण तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचचा, शिवाय स्वस्त व्हेरियंटला एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं. निसान मॅग्नाइटच्या टर्बोला सीव्हीटी, ज्यात ठरावीक गिअरच नसतात. चढावर ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकायचं असेल तर कोरड्या क्लचचा डीसीटी तापतो, तिथे ब्रेक धरून अंतर पडू द्यायचं आणि मग एकदम पुढे जायचं. अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती मोडा. नवले पुलाच्या चढावर हे दृश्य रोज दिसतं.

---

कऱ्हाडकर

सगळे चढाचंच बोलताहेत. उताराचं कोणीच बोललं नाही.

कुंभार्ली आमच्या रोजच्या रस्त्यावरचा. लहान इंजिन म्हणजे उतारावर इंजिनाचा अडसरही कमी. मोठ्या डिझेलला दुसऱ्या गिअरमध्ये सोडलं की ती स्वतःच धरून ठेवते, ही गाडी तेवढी धरणार नाही. त्यात ऑटोमॅटिक 'डी'मध्ये (गिअर गाडीच निवडते तिथे) ठेवून लोक नुसत्या ब्रेकवर खाली उतरतात, आणि शेवटच्या वळणांपर्यंत ब्रेकचा वास यायला लागतो. पावसाळ्यात, धुक्यात, भरलेल्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं, राव. कात्रजला गेलात तर चढून झाल्यावर तसंच उतरून या. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा टाका आणि बघा, गाडी गिअर धरून ठेवते की आपल्या मनाने वर सरकते.

---

दोन_लेकरांची_आई

चाइल्ड सीटचं मी सांगते, कारण आमच्याकडे हीच कसरत झाली.

चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुतेक या गाड्यांत मागच्या दोन बाजूंच्या जागांनाच असतात. म्हणजे चाइल्ड सीट एका खिडकीला, सासूबाई दुसऱ्या (गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधे बसवून बघूच नका), आणि लेक मधे. तेव्हा मधल्या जागेकडे नीट बघा: तिथे तीन टोकांचा पट्टा आहे की नुसता कमरेचा, डोक्याला टेका आहे का, खाली मधला उंचवटा किती. चाइल्ड सीट लावल्यावर मधल्या पट्ट्याचं बक्कल तिच्याखाली दबतं का, हेही. आमच्या एका पसंतीच्या गाडीत ते इतकं दबत होतं की रोज त्यावरून रडारड झाली असती.

स्वतःची चाइल्ड सीट घेऊनच शोरूममध्ये जा. लाजू नका. सासूबाईंना दोनदा-तीनदा चढ-उतर करायला सांगा. सीटची उंची कमरेएवढी असेल तर बसायला सोपं. पण दाराखालची पट्टी रुंद असेल तर पाय बाहेर काढताना गुडघा वळतो, आणि दुखतं ते तिथे. दार किती उघडतं तेही पार्किंगच्या खांबाचा विचार करून बघा.

डिकीचे लिटर वाचून ठरवू नका. कायलाकचे 446, नेक्सॉनचे 382 वगैरे कागदावर बरे दिसतात, पण तांदळाचं पोतं चढवायचं तर डिकीचा ओठ किती उंच, हे महत्त्वाचं. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीच्या निकालात मुलांचे गुण वेगळे येतात, 49 पैकी. ताऱ्यांबरोबर तो आकडाही वाचा.

---

गुहागरकरीण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! अण्णा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो दुखावला आहे.

कात्रजबद्दल शोरूमला फोन केला. एक जण "घाटात नेता येत नाही, कंपनीचा नियम" म्हणाला. दुसऱ्याने "रविवारी नको, मधल्या वारी सकाळी या, पाचही जण चालतील" असं सांगितलं. विचारावं लागतं, एवढं कळलं. पण पूर्ण कुंभार्ली थोडाच कोणी देणार?

---

घाटमाथा

देतात, पैसे घेऊन. सेल्फ ड्राइव्हवाल्यांकडून तीच गाडी, तोच गिअरबॉक्स, शनिवार-रविवार भाड्याने घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. गावी जाऊन या, परतीला नेहमीच्या पिशव्या घेऊनच. तेरा लाखांच्या खरेदीपुढे ते भाडं किरकोळ आहे. फक्त व्हेरियंट तपासा, टर्बोच्या नावाखाली साधं इंजिन गळ्यात मारू नये.

---

गुहागरकरीण

जाऊन आलो. भाड्याची ऑटोमॅटिक टर्बो, टॉर्क कन्व्हर्टरवाली. पोफळी सोडल्यावर मुद्दाम मी चालवायला घेतली.

एसी चालू, पाचजण, डिकी काठोकाठ. सरळ चढावर गाडी इतकी सहज जाते की वेगाकडे लक्ष ठेवावं लागतं. तीव्र वळणावर एकदा 'डी'मध्येच ठेवून बघितलं: वेग पडला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडीने क्षणभर विचार केला, खालचा गिअर टाकला आणि झटक्याने निघाली. मागे मुलाच्या हातातलं बिस्किट पडलं. पुढच्या वळणांना आधीच मॅन्युअल मोडमध्ये गिअर खाली आणला, मग झटका नाही. नवऱ्यानेही हे दोन्ही प्रकार करून पाहिले आणि मॅन्युअल हवीच, हा हट्ट सोडला. जाताना उतारावर कऱ्हाडकरांचं ऐकून दुसरा धरला होता. जुन्या गाडीएवढाच ब्रेक लागला असावा, जास्त नाही.

सासूबाईंचा कौल मात्र वेगळा आला. चढणं-उतरणं जमलं. बाहेरचं न दिसणं तसंच. सहा-सात तास खिडकीशी बसून माणसाला काच उंच लागत असेल तर तो काही छोटा दोष नाही, हे मला चालवताना सुचलंच नसतं. त्यामुळे यादीतली उभट काचांची, थोडी चौकोनी गाडी आता वर आली आहे. तिचाही टॉर्क कन्व्हर्टरच आहे. तिची कात्रजची वेळ मधल्या वारची मिळाली आहे, चाइल्ड सीट आणि सासूबाई दोन्ही बरोबर.

एक विचारायचं राहिलं. शोरूमवाला म्हणतो, वर्षअखेरीला बनलेली गाडी स्टॉकमध्ये आहे, सूट देतो. घ्यावी का?

---

ऑइलफिल्टर

सूट चांगली असेल तर घ्या, पण पैसे भरण्याआधी चासी नंबर मागा आणि बनण्याचा महिना बघा. विकायला काढाल तेव्हा समोरचा वर्षच विचारतो. यार्डात उभी असलेली गाडी असेल तर टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का, बॅटरी आणि काचांचे रबर स्वतः दिवसाउजेडी तपासा. नोंदणी झाल्यावर तक्रार करून फारसा उपयोग नसतो. आणि टेस्ट ड्राइव्हला वापरलेली गाडी तर नाही ना, ते ओडोमीटर बघून विचारा.