शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांवर पीएचडी, कोल्हापुरात राहून?

रंकाळा_काठ: एमए इंग्लिश झालंय, सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पण निघाली. पीएचडी मला शेक्सपिअर-वेबस्टरच्या काळातल्या नाटकांवरच करायचीय पण ज्याला विचारावं तो म्हणतो आताच्या कादंबऱ्या घे, साहित्य पटकन मिळतं, चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकांचं इथं बसून काय करणार. वेबस्टरचं 'डचेस ऑफ माल्फी' वाचल्यापासनं दुसरं काही डोक्यातच येत नाही. मरण समोर असताना त्यातली नायिका ठणकावून सांगते की मी अजून माल्फीची डचेसच, म्हणजे तिथली सरदारीणच आहे, आणि हा रोल तेव्हा पोरगा करायचा! करिअर होतं का यात?

तासिकावाले_सर: अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय म्हणून सांगतो, नोकरी विषयामुळं अडत नाही, जागा निघत नाहीत म्हणून अडते, आणि कादंबरीवाल्यांसाठी तरी कुठं निघतात? चार-पाच वर्षं ज्याच्यासोबत काढायची तो विषय मनातला घे. फक्त जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपच्या परीक्षेला, परत बस, फेलोशिप असली की घरचे पण निवांत असतात.

पुस्तकवेडी: साहित्य मिळत नाही हे आता खरं नाही. 'अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन' या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या संग्रहातल्या हजारो पुस्तकांचा टाइप केलेला मजकूर फुकट वाचता येतो. माल्फीची 1623 ची छापील प्रत बघ, सुरुवातीलाच पात्रांपुढं नटांची नावं आहेत, डचेसपुढं आर. शार्प, म्हणजे रिचर्ड शार्प. मूळ पानाचा फोटो मिळाला तर तोही वाच, त्यातला एस बऱ्याचदा एफसारखा दिसतो, आठवडाभरात डोळ्याला सवय होते.

खासबाग_कट्टा: अरे तुझा विषय आपल्याच गावात आहे की! इंग्लंडात 1660 पर्यंत बायकांची कामं पोरंच करायची, आणि आपल्या गायक-नट केशवराव भोसल्यांनी लहान वयात 'शारदा' नाटकातली शारदा गाजवली. ती 'शारदा' लिहिणाऱ्या देवलांनीच 'ऑथेल्लो'वरनं 'झुंझारराव' लिहिलं. तिकडं हेमिंग्ज नावाचा नट किराणा व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद होता, त्या नावावर तो पोरं शिकाऊ म्हणून ठेवून घ्यायचा, इकडं पोरं नाटक कंपनीतच वाढायची. आवाज फुटल्यावर त्या पोरांचं काय व्हायचं, हे दोन्हीकडचं शेजारी ठेवून कुणीतरी लिहायलाच पाहिजे. 2024 ला केशवरावांच्या नावाचं थिएटर जळालं तेव्हापासनं मला हे फार वाटतंय.

रंकाळा_काठ: आवाज फुटण्याचं डोक्यातच नव्हतं आलं, रात्रभर तेच घोळतंय. 'झुंझारराव' कुणाकडं आहे का? उद्या करवीर नगर वाचन मंदिरात विचारतोच.