हात बसायला वेळ लागतो
"सुया टोचायला शिकायचं तर ५ वर्षं कशाला?" असं अ‍ॅक्युपंक्चरबद्दल, म्हणजे शरीरावर ठरावीक जागी सुया टोचून करायच्या चिनी उपचाराबद्दल, विचारलं जातं; त्यावर थोडं. चीनमध्ये त्याच्या पदवीला साधारण तेवढीच वर्षं लागतात, आणि त्यात शरीररचनेसारखे आधुनिक विषयही असतात. सुई टोचायच्या जागा, म्हणजे ३६१ बिंदू, पाठ करणं त्यातल्या त्यात सोपं. हात बसण्यासाठी आधी कागदाच्या गठ्ठ्यावर सुई फिरवायची, मग स्वतःच्याच पायावर. मालिश, म्हणजे तिकडची तुइना, शिकणारे तांदळाच्या पिशवीवर मनगट तयार करतात.

सोंग राजवटीत, १०२७ साली, वैद्य वांग वेइयी यांनी माणसाचे ब्राँझचे पोकळ पुतळे घडवून घेतले, बिंदूंच्या जागी भोकं असलेले. परीक्षेला वरून मेण, आत पाणी; सुई नेमकी लागली की पाणी गळायचं. तोंडी परीक्षा थापा मारून काढणाऱ्या माझ्यासारख्याचं तिथे काही खरं नव्हतं!