मदत हवी आहे: विरंगुळा केंद्राच्या आराखड्यात रहिवाशांना सहभागी कसे करून घ्यावे?

पारिजातक: आमच्या प्रभागात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आणि त्याला जोडून सर्वांसाठी खेळ व व्यायामाची जागा होणार आहे. त्यासंबंधीच्या सभेला जेमतेम पंधराएक माणसे आली, त्यात महिला दोनच होत्या. पुढच्या आठवड्यात मागण्या लेखी द्यायच्या आहेत. कोणाकडे चांगली प्रश्नावली असल्यास कृपया त्वरित द्यावी.

निवृत्त अभियंता: जागा कोणाची आहे, शहराच्या विकास योजनेत तिच्यावर आरक्षण कशाचे आहे (म्हणजे ती कोणत्या वापरासाठी राखून ठेवली आहे) आणि निविदा निघाली आहे का, हे आपण लिहिलेले नाही. आरक्षण बदलावे लागणार असेल, तर नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 नुसार हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यात बराच काळ जातो. निविदा निघून गेली असेल, तर प्रश्नावलीचा फारसा उपयोग होणार नाही.

कट्टेकरी: पुण्यात नागरिक 2006 पासून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवतात. आपणही प्रभाग कार्यालयात तसा अर्ज करावा, कारण पैशाची तरतूद झाल्याखेरीज पुढचे सारे व्यर्थ आहे.

निवृत्त अभियंता: त्या मार्गाने बाके, पदपथ, दिवे अशी लहान कामे होतात, इमारत त्यात बसत नाही. शिवाय त्यांचा प्रश्न पैशाचा नसून सहभागाचा आहे.

कट्टेकरी: निधीविना सहभाग घेऊन लोकांची निराशाच होते, हे मी आमच्या भागात पाहिले आहे.

नमस्ते६०: ज्येष्ठ नागरिक संघाची नोंदणी आधी करून घ्यावी. घटना, सभासदांची यादी आणि कार्यकारिणीचा ठराव तयार ठेवल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयातील काम सोपे जाते.

पारिजातक: संघ नोंदलेलाच आहे. जागा सुविधा भूखंडाची (सार्वजनिक सोयींसाठी राखलेली) असून महापालिकेच्या ताब्यात आहे. निविदा निघालेली नाही. सभेत दाखवलेल्या प्राथमिक नकाशात सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दिसत नाही.

सावली: मग वेळ गेलेली नाही. सभा किती वाजता होती? आमच्याकडे संध्याकाळी सातची सभा ठेवली की स्वयंपाकाच्या वेळेमुळे महिला येत नसत आणि ज्यांना रात्री कमी दिसते ते घराबाहेर पडत नसत. म्हणून आम्ही देवळाच्या पारावर, दवाखान्याच्या रांगेत आणि दुपारच्या भजनी मंडळात जाऊन विचारले. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की सगळे ‘काहीही चालेल’ म्हणतात. त्याऐवजी दुपारी चार वाजता आपण कुठे असता, घरापासून किती चालवते आणि स्वच्छतागृह नसल्यामुळे कुठे जाणे टाळता, हे विचारावे. या तीन प्रश्नांतून आम्हाला छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक कळले.

आणखी एक करावे. इमारतीचा तळमजला भूखंडावर खऱ्या मापात चुन्याच्या फक्कीने आखावा आणि ज्येष्ठांना त्यातून चालायला लावावे. कागदावरचा नकाशा अनेकांना वाचता येत नाही, पण दारापासून शौचालय किती लांब आहे हे काठी टेकत चालणाऱ्याला लगेच समजते. आमच्या एका आजींनी फक्कीच्या रेषेवर उभे राहून, कपडे सांभाळत आत वळायला जागाच नाही, हे दाखवून दिले आणि शौचालयाची रुंदी वाढली.

निवृत्त अभियंता: फक्कीत उतारही आखावा. जोते 60 सेंमी उंच असेल, तर एकास बारा या प्रमाणात 7.2 मीटर लांबीचा उतार लागतो, मधली सपाट जागा वेगळी. तेवढी लांबी नकाशात सोडलेली नसते आणि मग शेवटी चाकाची खुर्ची चढणार नाही असा तीव्र चढ बांधला जातो. सभागृह तळमजल्यावर घेण्याची मागणी पहिली लिहावी.

पारिजातक: फार उपयोग झाला. सभेत नकाशा दाखवून परत घेतला गेला. त्याची प्रत मागितली, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा असे सांगितले.

निवृत्त अभियंता: त्या अर्जाच्या उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते, तोवर आपला आठवडा निघून जाईल. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित माहिती प्रसिद्ध करणे हे माहितीचा अधिकार अधिनियमाच्याच कलम 4 नुसार कार्यालयाचे कर्तव्य आहे. त्याचा उल्लेख करून संघाच्या पत्रशीर्षावर नकाशा पाहण्याची आणि मापे टिपून घेण्याची मागणी उद्याच द्यावी, आवक शिक्का घ्यावा आणि अर्जही सोबतच दाखल करावा.