सुटं धान्य करमाफ, पाकीट ५ टक्के: हिशेबाला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

धान्यपेठ_सांगली
घरचं किराणा-धान्याचं दुकान. सुटा गहू, ज्वारी, तूरडाळ यांना जीएसटी माफ. तोच माल लेबल लावलेल्या पाकिटात, २५ किलोपर्यंत, ५ टक्के. धुण्याची पावडर १८, कोल्ड्रिंक ४०. सध्याच्या अॅपमध्ये सुटा माल ‘शून्य टक्के’ म्हणून करपात्र विक्रीत मिसळतो, महिनाअखेरी हातानं निवडावा लागतो. बजेट वर्षाला ४ हजार. बिलाला मी आणि बाबा.

खातेवहीवाला
टॅलीप्राइम, डोळे झाकून. वीस हजारांच्या पुढे जाईल, पण वर्षानुवर्षं चालतं. माझ्याकडं तीन दुकानांचा हिशेब त्यावर आहे.

मिरची_मसाला
बजेट ४ हजार सांगितलंय त्यांनी! ‘व्यापार’ नावाचं अॅप घ्या, मोबाइलवर चालतं.

करसल्लागार_सोलापूर
सॉफ्टवेअरपेक्षा आयटम मास्टर, म्हणजे त्यातली मालाची यादी, महत्त्वाची. सुट्या गव्हाला ‘एक्झम्प्ट’ (करमाफ) निवडा, करपात्र ठेवून दर ० भरू नका. गव्हाचे दोन आयटम करा, सुटा आणि पाकीट. मग जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात आकडा तक्ता ८ ला जातो आणि जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्रात ३.१ (सी) ला. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला दोन्ही प्रकारचा माल एकाच बिलावर देता येतो, नियम ४६ए. शीर्षक ‘इनव्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय’; बिल ऑफ सप्लाय म्हणजे करमाफ मालाचं बिल.

खातेवहीवाला
टॅलीत हे सगळं आहेच. आणि सुटा गहू ‘नील रेटेड’ (दरच शून्य) असतो, एक्झम्प्ट नव्हे.

करसल्लागार_सोलापूर
अधिसूचनेनं माफ आहे, म्हणून एक्झम्प्ट. ३बी ला दोन्ही एकाच ओळीत, पण तक्ता ८ ला रकाने वेगळे.

गोणीवाला
३० किलोची गोणी घेतली की करच नाही. १८ जुलै २०२२ ला लेबलच्या पाकिटांवर हा कर आला, तेव्हापासून मोठ्या गोण्यांना मागणी वाढली ती त्यामुळंच. लहान कुटुंबानं ३० किलो तांदूळ ठेवायचा कुठं? गरिबाच्या ५ किलोवर कर, हे मला आजही पटत नाही.

मिरची_मसाला
अगदी खरं. पण इथं प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे.

हिशेबनीस_ताई
इनपुट क्रेडिटचं, म्हणजे खरेदी-खर्चावर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचं, कुणीच बोललं नाही. गाळ्याचं भाडं, सीएची फी यांवरचा जीएसटी दोन्ही विक्रींना सामायिक. करमाफ विक्रीच्या प्रमाणात तेवढं क्रेडिट परत करावं लागतं, नियम ४२, आणि वर्षअखेरी पुन्हा मोजायचं. माझ्या एका ग्राहकानं पूर्ण क्रेडिट घेतलं होतं, व्याजासकट भरावं लागलं. म्हणून करमाफ विक्रीचा आकडा रोजच्या रोज वेगळा हवा.

खातेवहीवाला
तेच म्हणतोय, टॅली घ्या.

धान्यपेठ_सांगली
सगळ्यांचे आभार. नवीन काही घेत नाही. धान्याचा गल्ला बाबांचा, त्यांना छापील बिलबुकच सोयीचं. सुट्याचं ‘बिल ऑफ सप्लाय’ बुक वेगळं छापून घेतो आणि रोजची बेरीज आहे त्या अॅपात एक्झम्प्ट म्हणून टाकतो. ताई, क्रेडिटचं मात्र सीएंना आजच विचारतो.

हिशेबनीस_ताई
चालेल. बिलबुकाची मालिका अॅपपेक्षा वेगळी ठेवा, ‘धा/१’ अशी. एका आर्थिक वर्षात क्रमांक दुबार यायला नको.