दोन कॉम्प्युटर, एक कीबोर्ड: दोन डगरींवर हात कसा ठेवायचा?

दोनडगरी:
मंडळी, टेबलावर डावीकडे ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, उजवीकडे माझा स्वतःचा उबुंटूवाला (म्हणजे लिनक्सवाला) डेस्कटॉप. पडदे दोन आहेत आणि तसेच राहू देत. त्रास आहे तो खालच्या गर्दीचा. दोन कीबोर्ड, दोन माऊस, वही ठेवायला जागा नाही. काल साहेबांना उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी बडवल्या, वर बघतो तर सगळं उजवीकडच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत. नशीब, एंटर दाबलं नव्हतं.

शोधलं तर कोणी केव्हीएम म्हणतं (कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर दोन कॉम्प्युटरांत वाटणारी डबी), कोणी बॅरियर (कीबोर्ड-माऊस नेटवर्कवरून वाटणारं सॉफ्टवेअर). पण लॅपटॉपवर काहीही टाकायचं तर अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो, आणि ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन दिवसभर चालू. शिवाय मी दोन्हीकडे मराठी इनस्क्रिप्टमध्ये लिहितो. काय घेऊ?

निवांत:
माऊस विदाऊट बॉर्डर्स वापरा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्येच येतं, फुकट. चार मशीनपर्यंत चालतं. कर्सर पडद्याच्या कडेबाहेर ढकलला की पलीकडे.

दोनडगरी:
एकीकडे उबुंटू आहे हो.

निवांत:
अरे हो. मग बाद. त्याला सगळीकडे विंडोज लागतं.

जुनी_वायर:
या दोन वेगळ्या जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

सॉफ्टवेअरवाल्या जातीत कीबोर्ड एकाच मशीनला जोडलेला असतो, आणि ते मशीन तुमची प्रत्येक कळ नेटवर्कवरून दुसऱ्याकडे पाठवतं. म्हणजे दोन्हीकडे प्रोग्रॅम हवा आणि दोघं एकमेकांना नेटवर्कवर दिसायला हवेत. ऑफिसचं व्हीपीएन सगळी वाहतूक आपल्या बोगद्यातूनच नेणारं असेल, तर शेजारचा डेस्कटॉपही लॅपटॉपला दिसणार नाही. आयटीवाल्यांच्या जागी बसून बघा: पासवर्डसकट प्रत्येक कळ त्यांच्या ताब्यात नसलेल्या मशीनमधून येतेय. ते नाही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

(बॅरियर तसंही आता कोणी सांभाळत नाही. सिनर्जीतून बॅरियर निघालं, बॅरियरमधून इनपुट लीप, भाऊबंदकीच ती. सिनर्जीच्या खुल्या कोडला २०२४ पासून डेस्कफ्लो म्हणतात. उबुंटूवर वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, चालू असेल तर बॅरियरचा उपयोग नाही, त्याला जुनी एक्स-११ लागते.)

तुम्हाला हवा आहे साधा यूएसबी स्विच. केव्हीएम नको. त्यातला व्ही म्हणजे व्हिडिओ, एक मॉनिटर दोघांत वाटून घ्यायचा असेल तर तो. तुमचे पडदे वेगळे, मग त्याचे पैसे कशाला? स्विच म्हणजे तळहातावर मावेल अशी डबी. एका बाजूला कीबोर्ड-माऊस, दुसरीकडून दोन वायरी दोन कॉम्प्युटरना, वर बटण. बटण दाबलं की एका कॉम्प्युटरला वाटतं कीबोर्ड काढला, दुसऱ्याला वाटतं लावला. इन्स्टॉल काही करायचं नाही. फक्त दाबल्यावर एक-दोन सेकंद थांबा, नाहीतर पहिली अक्षरं गिळली जातात.

इनस्क्रिप्टसाठीही हेच बरं. कीबोर्ड फक्त कुठली कळ दाबली ते सांगतो. त्या कळीवर ‘क’ उमटवायचा की इंग्रजी ‘के’, हे त्या त्या कॉम्प्युटरवर निवडलेला लेआउट ठरवतो. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असं ठेवलंत तरी स्विच मध्ये तोंड घालत नाही.

आता माझी फजिती. वायरलेस माऊसचा डोंगल (माऊसचे सिग्नल पकडणारा यूएसबी तुकडा) स्विचमध्ये खुपसला, आणि त्याला खेटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. कर्सर उड्या मारायला लागला. आठवडाभर माऊसला शिव्या घातल्या, सेल बदलले, खालचं पॅड बदललं. दोष माऊसचा नव्हताच. यूएसबी ३ वरून डेटा धावत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. डोंगल हातभर एक्स्टेंशन वायरीवर लांब नेला, उड्या थांबल्या. कीबोर्ड-माऊसला यूएसबी २ चा स्विच पुरतो, ३ च्या मागे लागू नका.

आणि हो, बऱ्याच स्विचबरोबर दोन्ही टोकांना तीच चपटी पिन असलेली वायर येते. ती दोन कॉम्प्युटरना थेट जोडायची नाही. दोघांचेही ५ व्होल्ट समोरासमोर येतात, पोर्ट जाऊ शकतो. मी माझ्या वायरींना लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे.

कळफलक:
जुनी_वायर यांना +१. मी तीन मशीन लक्षात ठेवणारा ब्लूटूथ कीबोर्ड आणि तसाच माऊस घेऊन बसलो. कीबोर्डची कळ वेगळी दाबा, मग माऊस उलटा करून पोटाखालचं बटण दाबा. अर्धा वेळ कीबोर्ड इकडे आणि माऊस तिकडे. बायोसमध्ये (विंडोज किंवा उबुंटू सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जायचं तर वायरवाला कीबोर्ड शोधत फिरावं लागतं ते वेगळंच. दोन्हीकडे मॅक असते तर मॅकओएस १२.३ पासून एकाच कीबोर्ड-माऊसने दोन्ही चालवणारं युनिव्हर्सल कंट्रोल आतच आहे, पण तुमच्या काय कामाचं?

दोनडगरी:
स्विच आला, दोन आठवडे वापरतोय. दोन वायरी लावल्या आणि झालं, लॅपटॉपने काही विचारलंसुद्धा नाही. डोंगल पहिल्या दिवसापासून एक्स्टेंशनवर. वहीला जागा झाली.

एकच घोळ. कुठल्या बाजूला आहोत ते दाखवणारे दोन दिवे डबीवर आहेत, पण टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून मी डबी मॉनिटरच्या मागे टाकली आणि बटण चाचपून दाबतो. परवा साहेबांचं उत्तर पुन्हा टर्मिनलमध्ये गेलं, या वेळी एंटरसकट. ‘नमस्कार’ नावाची कमांड सापडत नाही, असं उबुंटूने कळवलं.

जुनी_वायर:
डबी पुढे आणा.