संभाजीनगर सोडून वेंगुर्ल्याकडे राहून काम करावे का? सल्ला हवा आहे

औशाची लेक

नमस्कार. आम्ही दोघे मूळचे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले असून बरीच वर्षे छत्रपती संभाजीनगरात राहत आहोत. माझे यजमान वाळूजच्या एका कारखान्यासाठी साच्यांची रेखाटने संगणकावर करतात आणि आता त्यांना घरून काम करण्याची लेखी परवानगी मिळाली आहे. मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब व जीएसटीची विवरणपत्रे सांभाळते, म्हणजे माझेही काम कोठूनही होऊ शकते. मुलगी तिसरीत आहे. रोजची धावपळ, जालना रोडवरची गर्दी आणि काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी यांनी आम्ही थकून गेलो आहोत. सुट्टीत वेंगुर्ले, शिरोडा, मोचेमाड हा भाग पाहिला आणि येथेच राहून काम करावे असे दोघांच्याही मनाने घेतले.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस आम्ही पाहिले असल्यामुळे भरपूर पावसाच्या प्रदेशाची ओढ वाटते, हेही खरे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. वीज व इंटरनेट यांच्या भरवशावर तेथे मुदतीचे काम करता येईल का? घर पाहताना कशाकडे लक्ष द्यावे? आणि सासऱ्यांचे म्हणणे आहे की औशाची शेती विकून समुद्राजवळ जमीन घ्यावी. ते योग्य ठरेल का?

परभणीकर, मुक्काम वेंगुर्ले

ताई, मी परभणीचा असून काही वर्षांपासून सहकुटुंब येथे राहतो व भाषांतराचे काम करतो. जरूर या, पण निर्णय घेण्यापूर्वी जुलै महिन्यात किमान दोन आठवडे येथे राहून दोघांनीही नेहमीचे काम करून पाहा, असे आग्रहाने सांगतो. डिसेंबरातले वेंगुर्ले आणि जुलैतले वेंगुर्ले यांत फार अंतर आहे. आपल्या मराठवाड्यात वर्षभरात साधारण 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. येथे 3000 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. गावाकडची ज्वारी पोत्याने आणू नका. दमट हवेत तिला लवकर सोंडे लागतात. हवाबंद डब्यात मावेल एवढीच आणावी.

तुमच्या कामाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. जीएसटीच्या 11 आणि 20 या तारखा दर महिन्याला येतात आणि आयकर विवरणपत्रांची घाईही साधारणपणे जुलैतच असते. नेमक्या त्याच दिवसांत येथे वाऱ्याने माडाची झावळ किंवा एखादी फांदी तारांवर पडते आणि वीज जाते. कधी तासाभराने येते, कधी दुसऱ्या दिवशी. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. म्हणून फायबरची जोडणी, तिच्या जोडीला वेगळ्या कंपनीचे मोबाईल इंटरनेट आणि चार-पाच तास चालेल असा इन्व्हर्टर ही तिन्ही व्यवस्था घर घेतानाच करावी लागते. शक्यतो विवरणपत्रे मुदतीच्या तीन-चार दिवस आधी भरण्याची सवय लावून घ्या व तसे व्यापाऱ्यांनाही आधीच कळवून ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात विजांचा कडकडाट मोठा असतो. जांभ्याच्या खडकाळ जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, त्यामुळे आभाळ भरून आले की मोडेमची वायर काढून ठेवणे भाग पडते.

पाण्याबद्दलचा तुमचा समज मात्र बदलावा लागेल. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर पाण्याची ओढाताण होते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही व पडलेले पाणी काही तासांत समुद्राला मिळते. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येऊ लागते. घर पाहायला मे महिन्यात जावे, विहिरीचे पाणी स्वतः चाखावे आणि घरमालकाऐवजी शेजारच्या घरातील बाईंना विचारावे की पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते. कौलारू घर असेल तर पावसाळ्यापूर्वीची शाकारणी कोणी करायची, हे करारातच लिहून घ्यावे. अगदी वाळूला लागून घर घेऊ नका. खाऱ्या वाऱ्याने पंख्याच्या जाळीपासून संगणकाच्या सुट्या भागांपर्यंत सगळ्यालाच गंज चढतो; किनाऱ्यापासून एखादा किलोमीटर आत राहिल्यास तो त्रास बराच कमी होतो आणि संध्याकाळी चालत समुद्रावर जाताही येते.

या सर्व गोष्टी सांगूनही मी म्हणेन की येथील दिवस मोकळा वाटतो. काम संपल्यावर मुलीला घेऊन मोचेमाडच्या वाळूवर जाता येते, आणि त्यासाठी वर्षभर सुट्टीची वाट पाहावी लागत नाही.

निवृत्त महसूल कर्मचारी, बीड

सासऱ्यांच्या सूचनेविषयी लिहितो. औशाची शेती कृपया विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी घेणारा शेतकरी असावा लागतो आणि तुमचा सातबारा हाच त्याचा पुरावा आहे. सगळी शेती आधी विकून टाकली, तर पुढे कोकणात शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचे सिद्ध करणे कठीण होते. आपल्याकडे एखाद्या एकराच्या सातबाऱ्यावर दोन-चार नावे असतात. कोकणात पाव एकरालाही वीस-पंचवीस सामाईक खातेदार निघू शकतात, त्यांतील निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारसांची नोंद झालेली नाही. एका हिस्सेदाराने सही दिली म्हणजे जमीन तुमची झाली, असे होत नाही. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना नीट वाचावा. तेथे कुळाचे नाव किंवा कूळ कायद्याच्या कलम 43 ची अट असल्यास व्यवहाराला परवानगी लागते का, हे आधी तपासावे. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली आहे का, हेही पाहावे. सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) भूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतात, पण त्यावर विसंबून न राहता तलाठी कार्यालयातून जुने फेरफारही, म्हणजे मालकी-बदलाच्या नोंदीही, काढून घ्याव्यात.

समुद्राजवळच्या जमिनीला आणखी एक बंधन असते. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमनाखाली येतो. 2019 च्या अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 50 मीटर, तर इतर ग्रामीण भागात 200 मीटर हे ना-विकास क्षेत्र असते. दलाल समुद्र दिसणारा तुकडा दाखवतात, मात्र त्यावर घर बांधता येईल की नाही, हे सांगत नाहीत. तूर्त भाड्याने राहा.

गोदाकाठ, नांदेड

थोडक्यात लिहिते. घरात वृद्ध माणसे येऊन-जाऊन असणार असतील, तर दवाखान्याचा विचार आधी करा. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण बऱ्याचदा गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला न्यावे लागतात. कोल्हापूरच्या वाटेवर घाट आहेत आणि पावसाळ्यात दरड कोसळून ते बंद पडतात. औशाहून अचानक निघण्याची वेळ आली, तर सोलापूर, कोल्हापूर आणि मग घाट असा रात्रभराचा प्रवास होतो. आई-वडील गावी एकटे असतील, तर त्यांच्यापाशी अडीअडचणीला कोण धावून येईल, हे ठरवूनच निघा.

औशाची लेक

सर्वांचे मनापासून आभार. शेती विकायची नाही, असे आज सासऱ्यांशी बोलून ठरवले आणि काकांचा संदेश वाचल्यावर तेही तयार झाले. गावी माझे दीर शेजारीच राहतात, त्यामुळे ती काळजी काही अंशी कमी आहे. आता एकच शंका उरली आहे. आधी जुलैत राहून पाहायचे, तर मुलीच्या शाळेचे वर्ष मध्येच मोडेल का, आणि घर वर्षभरासाठी मिळते का?

परभणीकर, मुक्काम वेंगुर्ले

या जुलैत रजा काढून फक्त राहून पाहा. मुलीचे चालू वर्ष तेथेच पूर्ण होऊ द्या. मन पक्के झाले, तर पुढच्या मे महिन्यात घर पाहा आणि जूनच्या मध्यावर शाळा सुरू होण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन या. जिल्हा परिषदेची शाळाही प्रत्यक्ष जाऊन पाहावी, असे सुचवेन. आमचा मुलगा तेथेच शिकला आणि सहामाहीपर्यंत मालवणी बोलू लागला.

घराचे म्हणाल, तर पर्यटकांमुळे अनेक मालकांना डिसेंबर आणि मे या महिन्यांत घर रिकामे हवे असते. म्हणून भाडेकरार नोंदणीकृत आणि पूर्ण अकरा महिन्यांचा करावा व हंगामात घर सोडावे लागणार नाही, हे वाक्य त्यात स्पष्ट असावे. अनामत रक्कम त्यानंतरच द्यावी.